कंडेन्सिन १ की कंडेन्सिन २: गुणसूत्र नेमकं कोण आवळतं?

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण 2 मीटर भरतो. पेशी विभागताना तो गुंता न होता आवळावा लागतो. हे काम करणारी कंडेन्सिनची (प्रत्येकी पाच प्रथिनांच्या संचाची) जोडी, म्हणजे कंडेन्सिन १ आणि २, सख्ख्या भावंडांसारखी आहे. एसएमसी2 आणि एसएमसी4 ही दोन प्रथिनं दोघांत सारखीच, फरक उरलेल्या तीन घटकांचा.

कंडेन्सिन २ आधीपासूनच केंद्रकात असतं, म्हणून विभाजनाची सुरुवात होताच कामाला लागतं. कंडेन्सिन १ बाहेर पेशीद्रवात थांबतं आणि केंद्रकाचं आवरण फुटल्यावरच आत शिरतं. कामाची पद्धत एकच: डीएनएचा धागा पकडायचा आणि ओढत ओढत त्याचा फास मोठा करत न्यायचा. 2018 मध्ये यीस्टचं कंडेन्सिन हे करताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसलं. ते वाचलं तेव्हा मी खरंच हरखून गेले!

त्याच वर्षी कोंबडीच्या पेशींवरच्या अभ्यासातून दोघांचा वाटा समजला. कंडेन्सिन २ सुमारे 4 लाख बेस-जोड्यांचे (बेस-जोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी) मोठे फास घालतं. त्यांच्या पोटात कंडेन्सिन १ सुमारे 80 हजारांचे छोटे फास घालतं.

एकेक काढून पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. २ नसेल तर गुणसूत्रं लांबुडकी, वेटोळी होतात. १ नसेल तर फुगीर. त्यातही माझ्या मते १ जास्त मूलभूत, कारण यीस्टचं भागतं ते तेवढ्या एकावरच.