पासकी: वर्षभराच्या वापरानंतर

गूगल, गिटहब (प्रोग्रामरांची कोड ठेवायची साइट) आणि खरेदीच्या एका साइटवर पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमधल्या किल्लीने लॉगिन, सुरू करून वर्ष होत आलं. पासवर्ड टाकणं नाही, ओटीपीची वाट बघणं नाही. फोनला बोट लावलं की लॉगिन. वेळ वाचतो तो वाचतोच, पण मला पटलेली गोष्ट वेगळी: खोट्या साइटवर पासकी चालतच नाही.

पासकी बनवताना डिजिटल किल्ल्यांची जोडी तयार होते. खाजगी किल्ली आपल्याकडे, सार्वजनिक किल्ली साइटकडे. साइट दर वेळी नवं आव्हान (एक नवा, अंदाज न येणारा संदेश) पाठवते आणि फोन त्यावर खाजगी किल्लीने डिजिटल सही करतो. जोडी त्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यातलं एखादं अक्षर बदलून केलेली हुबेहूब साइट आपल्याला फसवेल, फोनला नाही. ओटीपी मात्र लोक फोनवर वाचूनही दाखवतात. (बोटाचा ठसा साइटकडे जात नाही, हे घरच्यांना अजून पटवतोय.)

पासकी फोनमध्ये असल्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉगिन करताना तिथला क्यूआर कोड फोनने स्कॅन करावा लागतो आणि दोन्हीकडे ब्लूटूथ लागतं, फोन खरोखर जवळ आहे ना हे तपासायला. ऑफिसने ब्लूटूथ बंद करून ठेवलं असेल, तर बसा.

बोट ओलं असलं की स्क्रीन लॉकचा पिनही चालतो. इथेच खरी गोम आहे. आपल्याकडे फोनचा पिन नातवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना पाठ! पासकी सुरू केल्यावर मी आधी पिन बदलला, तर मुलाने अबोला धरला.

आणि पासवर्ड काही गेलेला नाही. पासकी ज्यावर चालते ते वेबऑथन हे मानक २०१९ मध्ये मंजूर झालं, २०२२ च्या मे महिन्यात अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून अशा पासवर्डविना लॉगिनला पाठिंबा जाहीर केला. तरी माझ्या त्या खरेदीच्या साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं, एसएमएसचा ओटीपी टाकला की आत. पुढे पोलादी दार आणि मागे नुसती कडी. अशा ठिकाणी पासकी म्हणजे सोय, सुरक्षा जुनीच.

म्हणून सुरुवात मुख्य ईमेलपासून करा, बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. माझ्या किल्ल्या गूगल पासवर्ड मॅनेजरमधून सिंक होतात, नव्या फोनवरही आल्या. तरी ईमेलसाठी दुसरी पासकी यूएसबी सिक्युरिटी कीवर (पेनड्राइव्हसारखं, किल्ली साठवणारं छोटं उपकरण) करून ठेवली आहे. फोन चोरीला गेला, तर त्याच दिवशी आत शिरून त्याची पासकी काढून टाकता यायला हवी.