चिनी बदाम कुकीजचा लाकडी साचा: दोन महिने वापरल्यावर

दक्षिण चीनमधल्या मकाव आणि जवळच्या चुंगशान या शहरांच्या बदाम कुकीज हातात घट्ट लागतात आणि तोंडात गेल्या की विरघळतात. तशा घरी जमाव्यात म्हणून हा साचा मागवला. गोल खळगा, कडेला बारीक कंगोरे, तळाशी ‘बदाम’ या अर्थाची दोन चिनी अक्षरं उलटी कोरलेली, म्हणजे कुकीवर ती सुलटी उमटतात.

पहिल्या दिवशी मात्र अगदी रडकुंडीला आले. पंधरापैकी नऊ कुकीज अर्ध्या साच्यातच अडकल्या. उजेडात धरून पाहिलं, तर अक्षरांच्या कोपऱ्यांत लाकडाची कुसळं तशीच! विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. शेवटी बारीक पॉलिशपेपर काडीला गुंडाळून अर्धा तास मीच घासत बसले. कोरीव काम इतकं देखणं करायचं आणि शेवटचा हात फिरवायचा नाही, याचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर साच्याने एकदाही दगा दिलेला नाही. भाजलेल्या मुगाचं पीठ २०० ग्रॅम, बदामाची पूड ८०, पिठीसाखर १००. मूळ कृतीत डुकराची चरबी असते, मी १०० ग्रॅम शेंगदाणा तेल घेते. पाणी अगदी चमचा-दीड चमचा. मळायचं नाही, नुसतं चोळायचं. मुठीत दाबल्यावर मुटका व्हावा आणि बोट लावताच फुटावा, इतपतच ओल हवी. आधी साच्यात कोरडं पीठ भुरभुरवून झटकायचं, मग मिश्रण शिगोशीग भरून अंगठ्याने दाबायचं आणि सुरीने वरचं काढून टाकायचं. आता साच्याच्या कडा आळीपाळीने ओट्यावर ठोकायच्या. आधी आवाज भरीव येतो, तीन-चार ठोक्यांनी पोकळ होतो. कुकी सुटली! तेव्हाच साचा उलटा करायचा. १५० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायच्या आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

आधी माझ्याकडे प्लास्टिकचा दांड्याचा साचा होता. त्यात अक्षरं पुसट यायची, इथे एकेक रेघ वाचता येते. साचा पाण्याने धुऊ नका, लाकूड फुगतं. कोरड्या टूथब्रशने झाडला की पुरे. ही साधी सूचनाही खोक्यात नव्हती.

वर अख्खा बदाम, अंड्याचा पिवळा तजेला आणि भेगाळलेली कड असते, त्या दुसऱ्या प्रकारच्या कुकीजसाठी मात्र हा घेऊ नका. त्यांचे गोळे हातानेच चपटे करतात.