वाहक नाही त्या गाडीत बारा तास

स्कॉटलंडातल्या एका दिवसाच्या बस सहलीला पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कुठं कापला आणि एक सबंध तारा कुठं कापला ते पुढं येईलच.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर हे सगळं म्हाताऱ्याची कटकट वाटेल. मी एस.टी.च्या चोपडा आगाराचा निवृत्त वाहक. चौतीस वर्षं नोकरी. निम्मी पत्र्याच्या ट्रेमधली तिकिटं पंच करण्यात गेली, निम्मी मशीनचं बटण दाबण्यात. मे-जूनमध्ये पोरीकडे एडिंबऱ्याला पाच आठवडे राहून आलो. इकडे चोपड्यात पारा चव्वेचाळीसवर, आणि तिकडे पोरगी सकाळी खिडकी उघडून म्हणायची, "पप्पा, आज मस्त ऊन आहे." ते मस्त ऊन म्हणजे सोळा अंश. मी आत बनियन, वर स्वेटर, त्याच्यावर जावईबापूंचं जॅकेट.

जावईबापूंनीच मोबाईलवर या सहलीचं बुकिंग करून दिलं. सकाळी आठला एडिंबऱ्याहून निघायचं, ग्लेन्कोची दरी, फोर्ट ऑगस्टस, लॉख नेसचं तळं बघून रात्री आठला परत. माणशी ५९ पाउंड, म्हणजे आपले साडेसहा हजार. बोटीत बसायचं तर त्याचे वेगळे. कंपनीचं नाव लिहीत नाही. चालक भला माणूस होता, त्याच्या पोटावर पाय नको.

गाडी आठला म्हणजे आठलाच सुटली. एक जोडपं कॉफीचे पेले सांभाळत पळत आलं तेव्हा दार लागत होतं. चालकानं दार उघडलं, पण तोंडावर जे लिहिलेलं होतं ते मी ओळखलं. माझंही तोंड चौतीस वर्षं तसंच व्हायचं. गाडी एक नंबर. काचा स्वच्छ, शिटा मऊ, पट्टा लावल्याशिवाय चाक हलत नाही. मागं टॉयलेट आहे, पण चालकानं सुरुवातीलाच सांगितलं की अगदी अडलं तरच वापरा. एकेचाळीस प्रवासी आणि माणूस एकच. तोच चालक, तोच गाइड. कानाला माइक लावून चारशे वर्षांचा इतिहास सांगत वळणं घेत होता. चालकाशी बोलू नये अशी पाटी आमच्या प्रत्येक गाडीत असायची. इथं चालकच आमच्याशी बारा तास बोलत होता.

त्याचं इंग्रजी कळायला मला स्टर्लिंग यावं लागलं. दर तासाभरानं तो म्हणायचा, "वी स्टॉप." मी समजलो, आपण थांबतोय. गाडी थांबायचीही. संध्याकाळी पोरीनं सांगितलं की तिकडे 'वी' म्हणजे छोटं. तो छोटासा थांबा म्हणत होता. अर्थ चुकला तरी माझं काही अडलं नाही.

पहिला थांबा किलमाहॉगला. डोळ्यांवर केस आलेली तपकिरी गाय बघायला सगळे उतरले. गाय देखणी आहे, पण आमच्याकडची म्हैस जितकं लक्ष देते तितकंही तिनं दिलं नाही. तिथं वारा नव्हता आणि तेच नडलं. तिकडची चिलटं, त्यांना मिज म्हणतात, वारा पडला की झुंडीनं येतात. चावतात मुंगीसारखी आणि दिसत नाहीत धड. सगळ्या गाडीनं हात झाडायला सुरुवात केली. आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, मात्र पर्समधून जळगावच्या उन्हातला रुमाल काढला, नाकाकानाला गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवले आणि गाईसमोर निवांत उभ्या राहिल्या. एका जपानी बाईनं गाईऐवजी हिचा फोटो काढला.

पुढं रॅनॉख मूर लागतं. मैलच्या मैल गवत, काळं पाणी, दगड. एक घर नाही, एक टपरी नाही. 'हात दाखवा, एस.टी. थांबवा' म्हणायचं तर हात दाखवायला माणूस तरी पाहिजे ना! मग ग्लेन्को. इथं मी गप्प झालो. दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात, वरून पाण्याच्या बारीक धारा लोंबत असतात आणि मधून हा एवढासा रस्ता. १६९२ च्या फेब्रुवारीत सरकारी सैनिक इथल्या मॅक्डोनल्ड कुळातल्या लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, बारा दिवस त्यांचं खाल्लं-प्यालं, आणि तेराव्या पहाटे त्यांच्यावरच उठले. अडतीसेक माणसं मारली. चालकानं हे सांगून माइक बंद केला आणि पुढची पाच मिनिटं काही बोलला नाही. त्याबद्दल त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. ज्याचं मीठ खाल्लं त्याला मारणं ही गोष्ट कोणत्याही भाषेत कळते.

खाली उतरलो तर वाऱ्यानं माझी छत्री एका फटक्यात उलटी केली. काड्या वर, कापड बाजूला. तिकडचे लोक छत्री का वापरत नाहीत ते तेव्हा कळलं. तिथल्या कचरापेटीत माझ्या आधी आलेल्या कुणाकुणाच्या दोन छत्र्या पडलेल्या होत्याच.

तो डोंगरातला रस्ता बघून आमचा घाट आठवला. चाळीसगाव आगाराला दोन वर्षं बदलीवर होतो तेव्हा कन्नडचा घाट रोजचा होता. त्याला औट्रम घाट म्हणतात. हा औट्रम कोण, हे वेबिल, म्हणजे वाहकाचा फेरीच्या नोंदीचा कागद, भरताना कधी मनात आलं नाही. घरी आल्यावर जावईबापूंनी शोधून सांगितलं: जेम्स औट्रम, जन्म इंग्लंडमधला, पण बाप गेल्यावर आई त्याला घेऊन स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनला आली, तिथंच शिकला. पुढं १८२५ मध्ये त्यानं खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, ती धरणगावला. धरणगाव! ज्या स्टँडवर मी आयुष्यभर चहा प्यालो ते धरणगाव. तो अ‍ॅबर्डीनहून आमच्याकडे आला आणि मी त्याच्या मुलखात छत्री मोडून घेतली.

आता फोर्ट ऑगस्टस, लॉख नेसच्या काठचं गाव. खरी भानगड इथं झाली.

दीड तास थांबा होता. पुष्कळजण बोटीत बसायला गेले. मंडळींचे गुडघे दुखत होते, त्या म्हणाल्या मी गाडीतच बसते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही आधीच बाकावर बसून उरकली होती, गाडीत खायला बंदी म्हणून. मी एकटाच कालव्याकडे गेलो. लॉख नेसबद्दल दोन वाक्यांत सांगतो: सदतीस किलोमीटर लांब, दोनशे तीस मीटर खोल, पाणी चहासारखं काळपट. त्यात राहतो म्हणतात तो राक्षस दिसला नाही.

बघण्यासारखा आहे तो कालवा. कॅलेडोनियन कालवा, १८२२ मध्ये सुरू झालेला, थॉमस टेलफर्ड नावाच्या इंजिनिअरनं बांधला. देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर बोट जावी म्हणून मधली तळी जोडत नेला. फोर्ट ऑगस्टसला त्याला एकाखाली एक पाच हौद आहेत. बोट वरच्या हौदात शिरते, मागचं दार लागतं, खालच्या झडपा उघडतात आणि पाणी उतरू लागतं. पाण्याबरोबर बोटही खाली खाली जाते. पाणी खालच्या हौदाइतकं झालं की पुढचं दार उघडतं. मग बोटीवाले काठावरून दोर हातात धरून, बैल पाण्यावर न्यावा तशी तिला पुढच्या हौदात चालवत नेतात. असं पाच वेळा. कुणाला घाई नाही. हतनूर धरणाच्या कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी भांडणारी आमची माणसं इथं आणून बसवावीत असं वाटलं. एक पांढरी बोट पहिल्या हौदापासून शेवटच्या हौदापर्यंत बघितली. म्हाताऱ्या मालकिणीनं दोर मला पाच मिनिटं धरायला दिला. तो ओला दोर तळहातात घसरतो आणि पलीकडून पाच टन हळूच ओढ देतात.

घड्याळ बघितलं. वेळेच्या सहा मिनिटं आधी गाडीत चढलो. हे नीट वाचा: सहा मिनिटं आधी. डावीकडची पाचवी शीट, जाऊन बसलो. मंडळी नव्हत्या. म्हटलं बाथरूमला गेल्या असतील. शिटा मऊ, पाय दमलेले, मी डोळे मिटले.

खांद्यावर टकटक झाली. एक तरुण पोरगी, हातात मोबाईल, गोड हसून सांगते की ही माझी जागा. मी म्हटलं, नो नो, माय. मग मागं बघितलं. सगळी गाडी तरुण पोरांची. एकही ओळखीचा चेहरा नाही.

तळावर एकाच कंपनीच्या, एकाच निळ्या रंगाच्या तीन गाड्या उभ्या. समोर पाटी नाही. काचेवर कंपनीचं नाव आणि एक चित्र, बस्स. कुठून कुठं, काही नाही. चौतीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगितलं, "पाटी वाचून चढत जा, बाबांनो!" आणि पाटी नसलेल्या गाडीत मीच चढलो. चौतीस वर्षं वेबिलावर सगळ्यात आधी गाडीचा नंबर लिहिणारा मी, या गाडीचा नंबर बघितलासुद्धा नव्हता.

उडी मारून खाली आलो तर आमची गाडी रिव्हर्समध्ये मागं येत होती. मला सोडून. पुढं काय केलं ते ठरवून केलं नाही. पाय आपोआप गाडीच्या मागच्या कोपऱ्याला गेले, पत्र्यावर थाप मारली आणि पोटातून आवाज निघाला, "होऽऽल्ड!" चोपडा स्टँडवर जसा निघायचा तसाच. गाडी जागेवर थांबली. शब्द मुळात त्यांचाच, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही.

झालं होतं असं. चालकानं माइकवर विचारलं, आपापल्या शेजारचा माणूस आलाय ना बघा. माझ्या शिटेवर माझं जॅकेट आणि पिशवी. माझ्या शेजारचं माणूस खिडकीला डोकं टेकून घोरत होतं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळे आले! मी धापा टाकत शिटेजवळ पोचलो तेव्हा मंडळींचा डोळा उघडला. मला उभा बघून म्हणाल्या, "कथा चालनात आते?" म्हणजे आता कुठं चाललात?

तर सबंध तारा इथं कापला. शेजाऱ्याला विचारणं ही मोजणी नव्हे. मोजणी म्हणजे पुढून मागं जायचं, एकेका डोक्यावर नजर टाकायची, मागून पुढं येताना परत मोजायचं आणि दोन्ही आकडे जुळले तरच बेल. हे काम चालकाला जमणार नाही, कारण त्याला गाडी चालवायचीय. दुसरा माणूस लागतो. तिकडे शहर बसलाही वाहक नाही. चढताना कार्ड टेकवायचं, पुढं जायचं. सुट्ट्या पैशांवरून भांडण नाही, पण आजोबांना हात देऊन वर घ्यायलाही कुणी नाही. बाकी साठीच्या पुढच्या रहिवाशांना तिथं २००६ पासून बस फुकट आहे. आपल्याकडे त्यासाठी पंचाहत्तर व्हावं लागतं. मी चौसष्टचा, आणि तिकडचा पाहुणा, त्यामुळे दोन्हीकडून तिकीट.

अर्धा तारा पाटीचा. जाणाऱ्यांनी एवढं करा, चढण्याआधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा.

चालकाच्या बाजूनंही लिहिलं पाहिजे. तिकडे साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, कायदा आहे, आणि सगळी नोंद गाडीतल्या यंत्रात होते. हा बाबा त्या पंचेचाळीस मिनिटांत फोर्ट ऑगस्टसच्या बाकावर एकटा बसून सँडविच खात होता. डबल ड्यूटी करून पुण्याहून रात्रभर गाडी आणणारे आमचे चालक आठवले. त्यातले दोघे आज नाहीत. माफी त्यानं तीन वेळा मागितली, कारणं एकदाही सांगितली नाहीत.

पुढचा थांबा पिटलॉख्री. गाव टुमदार, आइस्क्रीम महाग. तिथं त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, भारतात काय काम करत होतात? मी म्हटलं, बस कंडक्टर, थर्टी फोर इयर. तो मोठ्यानं हसला आणि हातानं गाडीच्या आत दाखवलं: जा, मोजा.

मोजले. पुढून मागं, मागून पुढं. दोन्ही वेळा चाळीस. परत खाली उतरून इकडेतिकडे बघितलं, दुकानात डोकावलो, कुणी राहिलेलं दिसेना. चालक म्हणाला, एकेचाळीस पाहिजेत. मी म्हटलं, फॉर्टी, डबल चेक. त्यानं माझ्या छातीकडे बोट दाखवलं.

वाहक स्वतःला सवारीत धरत नाही, त्याला मी तरी काय करू. दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि वर चढलो.