मोरा लावावी की उविया: अँडीजमधील दहा गुंठ्यांचा हिशेब

इक्वेडोरच्या तुंगुरावा प्रांतात, आंबातो शहराभोवतीच्या उतारांवर चिबुलेओसारख्या किचवा आदिवासी समाजाच्या वस्त्या आहेत. तिथल्या कुटुंबाची जमीन अनेकदा गुंठ्यांतच मोजावी लागते. घरच्या बटाट्या-मक्यापुरती जागा राखून उरलेल्या दहा-बारा गुंठ्यांत बेरीवर्गीय फळ घ्यायचे ठरले, तर प्रश्न मोरा की उविया, इथे येऊन ठेपतो. मोरा म्हणजे अँडीजची आंबटगोड ब्लॅकबेरी. उविया मात्र आपल्या ओळखीची आहे, कारण हिवाळ्यात हातगाडीवर कागदासारख्या टरफलासकट मिळणारी रसभरी मूळची याच डोंगरांतली.

ही तुलना सहसा किलोच्या भावावरून केली जाते. माझ्या मते त्याआधी शेतापासून पक्क्या रस्त्यापर्यंतचे अंतर मोजावे.

मोरेचा पहिला तोडा मिळायला आठ महिने ते वर्ष लागते. पण वेल तारांवर चढवून छाटणी वेळेवर केली, तर बाग दहा वर्षे सहज टिकते. विषुववृत्त जवळ असल्याने ठरावीक हंगाम असा नाही, आठवड्यातून एक-दोन तोडे जवळपास वर्षभर मिळतात, आणि शाळेची वही, मीठ, बसभाडे यांसाठी दर आठवड्याला हातात चार डॉलर येतात (२००० सालापासून देशाचे चलन तेच आहे). २ नोव्हेंबरच्या पितृस्मरणाच्या दिवशी घरोघरी ‘कोलादा मोरादा’ हे जांभळे, दाटसर पेय शिजते, त्यामुळे त्याआधी मागणी चढते. अडचण आहे ती फळाच्या नाजूकपणाची. दव वाळल्यावर तोडलेले फळ ज्या टोपलीत पडले त्याच टोपलीतून विकावे लागते. दुसऱ्यांदा हात लागला की दाणे फुटून रस गळू लागतो. साध्या हवेत ते दोन-तीन दिवसच टिकते. खडबडीत रस्त्यावर तासभर हादरे बसले, तर तळच्या थराचा लगदा होतो आणि व्यापारी भावही लगद्याचाच देतो. पावसाळी दिवसांत राखाडी बुरशीचा त्रास आहेच. काट्यांवर मात्र उपाय निघाला आहे: तिथल्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने, इनियापने, ‘आंदिमोरा २०१३’ हा बिनकाट्यांचा वाण दिला आहे, आणि रोज हात ओरबाडून घेणाऱ्यासाठी ही सोय किरकोळ नव्हे.

उवियाची रोपे बियांपासून स्वस्तात होतात आणि पाच-सहा महिन्यांत फळ सुरू होते. टरफल हिरव्याचे गवती पिवळे झाले की तोडायचे. टरफलात कोरडे ठेवले तर फळ काही आठवडे टिकते. वाळवूनही विकता येत असल्याने गाडी चुकली म्हणून माल बुडत नाही. मात्र दोनेक वर्षांत उत्पादन आणि फळाचा आकार दोन्ही घसरतात, रोप नव्याने लावावे लागते आणि दहिवर गोठले की कोवळी झाडे करपतात. त्यातच कोलंबियात मोठे नुकसान केलेल्या फ्युजेरियम मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते, आणि दहा गुंठेवाल्याकडे पालटायला दुसरे शेत नसते. शिवाय हे पीक बटाट्याच्याच कुळातले. काही किडी आणि रोग सामाईक असल्याने बटाट्याच्या वाफ्यात लगोलग ते घेऊ नये.

शेजारच्या पेरू देशातल्या ब्लूबेरीचे यश पाहून मोह होतो. पण ते किनाऱ्यालगतच्या वाळवंटातल्या, ठिबकावरच्या मोठ्या बागांचे आहे. या झाडाला बरीच आम्ल माती आणि मोठे भांडवल लागते, म्हणून ते या तुलनेत धरलेले नाही.

मजुरीचाही विचार व्हावा. मोरेचे खांब रोवायला, तारा ओढायला ‘मिंगा’ म्हणजे आपल्याकडच्या इर्जिकीसारखी गावाची सामूहिक मेहनत उपयोगी पडते, पण दर आठवड्याची तोडणी घरच्यांनाच करावी लागते. घरातली कर्ती माणसे शहरात कामाला जात असतील, तर मोरा झेपणार नाही.

थोडक्यात, शेत पक्क्या सडकेलगत असेल आणि तोडणीला दोन माणसे कायम घरी असतील, तर मोरा, तीही बिनकाट्यांची, लावावी. वस्ती आडबाजूला असेल तर उविया घेऊन चार घरांत मिळून वाळवणीची सोय करावी. दोन्ही घ्यायचीच असतील, तर मोरेला सात-आठ गुंठे कायमचे द्यावेत आणि उवियाचा वाफा दर लागवडीला हलवता येईल एवढी पट्टी मोकळी ठेवावी.