वडगावातील रविवारचा चित्रकला वर्ग : तीन महिन्यांनंतर

नातीला घेऊन गेले तीन महिने मी बेळगावातील वडगावच्या एका चित्रकला वर्गाला जात आहे. दर रविवारी सकाळी ९ ते ११ या वेळेत तो भरतो. शुल्क महिना ३०० रुपये असून बांधकाम मजुरांच्या मुलांना ते माफ आहे. कागद आणि रंग सर्वांना वर्गाकडूनच मिळतात. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु वर्गाचे निम्मे यश माझ्या मते तिच्यात आहे. घरून रंगपेटी आणायची मुभा असती, तर १२ रंगांची पेटी असलेली मुले एका बाजूला आणि २४ रंगांची दुसऱ्या बाजूला बसली असती, आणि ज्यांच्याकडे पेटीच नाही ती दाराशी.

वर्गात विणकरांच्या घरातील मराठी मुले अधिक, काही उर्दू बोलणारी, आणि शेजारच्या इमारतीच्या कामावर आलेल्या, विजापूरकडील तांड्यांतील लमाणी कुटुंबांची पाच-सहा मुले. ती घरी गोरबोली आणि बाहेर कन्नड बोलतात. शिक्षक दर दोन मुलांत मिळून एक मोठा ब्राऊन पेपर, पाण्याचा एक डबा आणि तांबडा, पिवळा व निळा एवढेच रंग देतात, त्यामुळे हिरवा हवा असला की शेजाऱ्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नसते. माझ्या नातीची जोडीदार आठ-नऊ वर्षांची लमाणी मुलगी होती. पहिल्या रविवारी दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या रविवारी हिरव्यात निळा फार पडला, तेव्हा ती ‘हळदी, हळदी’ म्हणू लागली. कन्नडमध्ये पिवळ्याला हळदी म्हणतात हे नातीला ठाऊक नव्हते, पण हळद ठाऊक होती, आणि तिने पिवळ्याची बाटली पुढे सरकवली. पुढे कागदाच्या किनारीला त्या मुलीने कोरे गोल सोडले आणि विचारल्यावर ‘कन्नडी’ असे उत्तर दिले. मराठी मुलांना वाटले, ही स्वतःच्या भाषेचे नाव सांगते आहे. कन्नडी म्हणजे आरसा हे शिक्षकांनी सांगितले तेव्हा वर्गभर हशा पिकला, आणि तीही हसली. त्या गोलांशेजारी एका विणकराच्या नातवाने साडीच्या नक्षीसारखी घरे मोजून काठ भरला. एकमेकांची भाषा न येणाऱ्या मुलांना असे जवळ आणण्याचे काम भाषणांतून होत नाही.

‘आपले गाव’ या विषयाचा रविवार मात्र फसला. त्या मुलीने परांची, वाळूचा ढीग आणि काँक्रीटचे मिक्सर काढले, कारण तिचे सध्याचे गाव तेच होते. शिक्षकांनी पुन्हा पुन्हा तांडा आणि घागरा काढायला सांगितले. हेतू चांगला असला तरी मुलाला त्याच्या पेहरावात बसवून ठेवणे म्हणजे सामावून घेणे नव्हे.

प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहिलेच पाहिजे, हा नियम मला विशेष आवडला. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तेरेझिन छळछावणीत, स्वतः कैदी असलेल्या चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस मुलांकडून असेच करून घेत असत. त्या १९४४ मध्ये ऑश्विट्झमध्ये मारल्या गेल्या, पण मागे राहिलेली सुमारे ४,५०० चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत आणि त्यांतील बरीच नावानिशी ओळखता येतात. आमच्या वर्गात नाव कोणत्याही लिपीत चालते.

मग वर्गाच्या सूचना फक्त मराठीत का? त्या मुलीच्या आईला वेळ बदलल्याचे कळले नाही आणि दोघी एकदा बंद दारापाशी येऊन परतल्या. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे असे सांगणारे संविधानाचे ३५०-क हे कलम १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेच्या वेळीच आले, आणि तेव्हापासून सीमाभागातील आपण मराठी फलक व मराठी कागदपत्रे मागत आलो आहोत. आपल्याच दारावर कन्नडची एक ओळ लिहायला आपल्याला सुचू नये, हे मला लागले.

दुसरी उणीव अधिक अवघड आहे. शेवटचा स्लॅब पडला आणि ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. अर्ध्यावर जाणाऱ्या मुलांसाठी वर्गाकडे काहीच व्यवस्था नाही; निघताना चित्र, थोडे रंग आणि नव्या ठिकाणी दाखवता येईल अशी चिठ्ठी देता आली असती. तो ब्राऊन पेपर अजून वर्गाच्या कपाटात आहे. पुढच्या तीन महिन्यांचे शुल्क मी भरले आहे, आणि ते भरतानाच या दोन्ही तक्रारी लेखी दिल्या आहेत.