हार्ट स्कॅनसाठी एलईएचआर की मल्टिफोकल? जळगावातल्या वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्यापासून आमच्या सेंटरवर हार्टचे स्ट्रेस-रेस्ट स्कॅन (किरणोत्सर्गी इंजेक्शन देऊन श्रमानंतर आणि आरामात हार्टचा रक्तपुरवठा बघायचा) दोन कॉलिमेटरवर, म्हणजे गामा कॅमेऱ्यापुढच्या शिशाच्या जाळ्यांवर, चाललेत, एक नेहमीचा पॅरलल होल (समांतर भोकांचा) एलईएचआर, म्हणजे लो एनर्जी हाय रिझोल्यूशन, आणि दुसरा मल्टिफोकल. माझं मत पक्कं झालंय. मल्टिफोकल भारीच आहे, पण पेशंट झोपवायला घाई करणारी टीम असेल तर घेऊ नका.

गामा किरण लेन्सने वळवता येत नाहीत, म्हणून शिशाच्या जाळीतून सरळ येतील तेवढेच घ्यायचे, दहा हजारातला एखादाच पार होतो. एलईएचआरची भोकं बारीक आणि लांब, इमेज छान पण काउंट (मोजले गेलेले किरण) कमी. मोठ्या भोकांच्या एलईएपी (लो एनर्जी ऑल पर्पज) कॉलिमेटरात काउंट वाढतात, डोस कमी ठेवावा लागतो त्या थॅलियमच्या इंजेक्शनला ते बरं पडतं, पण अंतर वाढलं की धूसरपणाही जास्त वाढतो आणि हार्ट काही छातीला चिकटलेलं नसतं.

मल्टिफोकलमधे मधली भोकं हार्टकडे झुकलेली असतात आणि कडेला जाता जाता समांतर होतात, त्यामुळे हार्टचे काउंट वाढतात अन् छातीच्या कडाही कापल्या जात नाहीत. जिथे पंधरा मिनिटं लागायची तिथे पाचेक मिनिटात काम होतं. चोपडा, यावलकडनं येणारी म्हातारी माणसं हात डोक्यावर धरून पडलेली असतात, अर्ध्यातच "मना हात दुखी ऱ्हायना" सुरू व्हायचं आणि हात हलला की स्कॅन परत. ते आता खूप कमी झालंय, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा.

पण हार्ट ठरलेल्या जागेतच यायला पाहिजे, बेड थोडा वरखाली राहिला तरी एपेक्सचा (हार्टच्या टोकाचा) आकार बिघडतो आणि नसलेला डिफेक्ट (रक्तपुरवठा कमी असल्याची जागा) दिसू शकतो. सॉफ्टवेअरही त्याच कॉलिमेटरचं लागतं, साधं बॅकप्रोजेक्शन (इमेज जुळवायची नेहमीची पद्धत) चालत नाही, आणि एलईएचआरच्या नॉर्मल डेटाबेसशी (निरोगी हार्टच्या इमेजशी) या इमेज लावूच नका, हार्टच्या भिंतींचे काउंट वेगळे दिसतात. लिव्हर-आतड्यातली अ‍ॅक्टिव्हिटी खालच्या भिंतीवर येते त्याला दोन्हीत इलाज नाही, इंजेक्शननंतर दूध पाजा, थोडं फिरवा, वेळ जाऊ द्या. आयोडीन-१२३ एमआयबीजी (हार्टच्या मज्जातंतूंचा स्कॅन) करत असाल तर हे दोन्ही सोडा, त्याचे ५२९ केईव्ही एवढ्या जास्त ऊर्जेचे फोटॉन पातळ शिशातून आरपार जातात, मीडियम एनर्जी कॉलिमेटरच लावा.

अजून एक, मल्टिफोकलवर बोन स्कॅन होत नाही, म्हणून कॉलिमेटर सारखा बदलावा लागू नये यासाठी आम्ही हार्टचे पेशंट एकाच दिवशी धरतो. बदलताना कॅमेऱ्यातला क्रिस्टल (किरण पकडणारा भाग) उघडा पडतो आणि तापमान झटकन बदललं तर तडकू शकतो, मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असते तेव्हा दार बंद, एसी चालू, आणि लाईट जायची वेळ टाळूनच हात लावायचा. नंतर युनिफॉर्मिटी (कॅमेरा सगळीकडे सारखं मोजतो का ते) चेक केल्याशिवाय पहिला पेशंट घेत नाही आम्ही.

बजेट एकाच सेटचं असेल आणि बोन, थायरॉइड, हार्ट सगळं त्याच कॅमेऱ्यावर असेल तर डोळे झाकून एलईएचआर घ्या.