फोटो एडिटिंगच्या ‘आजीवन’ कोर्सने मला २४,८९४ रुपयांना गंडवलं

हिशोब आधीच देते, म्हणजे नंतर कोणी “असतील पाच-सातशे” म्हणायला नको. वेबिनारचे ९९, ‘आजीवन मेंबरशिप’चे ६,९९९, मेंटॉरशिपचे ११,८०० आणि खात्यातून परस्पर कापले गेलेले १,४९९ चार वेळा, म्हणजे ५,९९६. एकूण २४,८९४ रुपये. यातला एक रुपया अजून परत आलेला नाही.

मी मालवणकडची. सासऱ्यांनी सुरू केलेला स्टुडिओ आता मी आणि नवरा बघतो. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी हे पूर्वीपासूनचं, आणि आता तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांचे रूमचे फोटो आणि प्रीवेडिंग. प्रीवेडिंगची जोडपी मोबाइलवर रील उघडूनच येतात, “आम्हाला असाच कलर पाहिजे.” नाही जमत म्हटलं की ऑर्डर गोव्याच्या नाहीतर मुंबईच्या माणसाला जाते. त्यामुळे एडिटिंग नीट शिकणं ही माझ्यासाठी हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता. आणि शिकायला वेळ मिळतो तो पावसाळ्यातच, मासेमारी १ जूनपासून बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाहीत, बाजार सुनसान. नेमक्या त्याच दिवसांत ती जाहिरात सारखी समोर यायला लागली. ‘लाइटरूम आणि फोटोशॉप, संपूर्ण मराठीतून.’ दोन्ही फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर. इंग्रजी कोर्स मला कळत नाहीत असं नाही, पण कर्व्ह्ज (उजेड-रंग कमीजास्त करणं), मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच निवडून बदलणं) असल्या गोष्टी आपल्या भाषेत कोणी समजावल्या की डोक्यात बसतात, आणि मराठीत असं पद्धतशीर काही मिळत नाही म्हणूनच तर आपण अशांच्या जाळ्यात जातो.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. वेबिनारचे ९९ रुपये भरताना. मोठं हिरवं बटण, त्यावर ‘₹९९’, वर लाल आकड्यात उलटं घड्याळ, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेले, रेंज येतेय-जातेय. बटण दाबलं, यूपीआय अ‍ॅप उघडलं, आणि त्या स्क्रीनवर, आता माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे म्हणून सांगते, खाली बारीक अक्षरात ‘ऑटोपे’ लिहिलेलं होतं. कमाल रक्कम १,४९९, दर महिना, आणि शेवटची तारीख थेट दहा वर्षांनंतरची. म्हणजे मी ९९ रुपये देत नव्हते, मी त्यांना माझ्या खात्याची किल्ली देत होते. पण मला सांगा, दिवसभर दुकानात यूपीआयवर पैसे घेणारी-देणारी बाई ९९ रुपयांसाठी स्क्रीनवरची प्रत्येक ओळ वाचते का? तुम्ही वाचता? स्क्रीन तशी वाचली जाऊ नये म्हणूनच तर त्यांनी ते घड्याळ लावलं होतं!

हे इथेच लक्षात ठेवा. ऑटोपेला पिन एकदाच लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिनशिवाय जाऊ शकते, रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० केलीय. पिन टाकण्याआधी ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ (म्हणजे परस्पर पैसे कापायची परवानगी) शब्द दिसला की हात मागे घ्या.

वेबिनारमध्ये तोच खेळ, जो तुम्हाला माहीतच असेल. दोन तास स्वतःच्या यशाची कहाणी, शेवटी २४,९९९ चा कोर्स ‘फक्त आज’ ६,९९९ ला, आयुष्यभरासाठी, चॅटमध्ये धडाधड “पेमेंट डन सर”. मी भरले. वर्षाला नूतनीकरणाची कटकट नको, एकदाच काय ते भरून टाकू, हा माझा विचार व्यवहाराचाच होता. अटींच्या पानावर ‘आजीवन’चा अर्थ ‘प्लॅटफॉर्मची सेवा सुरू असेपर्यंत’ असा दिला होता, पण ते पान पैसे भरल्यानंतरच्या लॉगिनमध्ये होतं. आधी दाखवलंच नाही तर वाचणार कुठून?

आणि कोर्समध्ये काय होतं तर दुसऱ्यांचे व्हिडिओ. कोपऱ्यात एक धूसर चौकोन सतत तरंगत असायचा, मूळ लोगो झाकलेला, आणि आवाज वरून मराठीत चढवलेला, तोही असा की माउस इथे आणि माणूस बोलतोय तिसऱ्याच स्लायडरबद्दल. जाहिरातीत ‘२०२५ अपडेटेड’. लाइटरूम क्लासिकमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून मास्किंगचं वेगळं पॅनल आहे, सब्जेक्ट आणि स्काय एका क्लिकला सिलेक्ट होतात. यांच्या व्हिडिओत हिस्टोग्रामखाली (उजेडाच्या आलेखाखाली) अजून ग्रॅज्युएटेड फिल्टर, रेडियल फिल्टर आणि अ‍ॅडजस्टमेंट ब्रश अशी तीन सुटी बटणं! म्हणजे व्हिडिओ त्याच्याही आधीचा. कुठलाही एडिटिंग कोर्स घेताना एक पूर्ण धडा फुकट मागा आणि त्यातली स्क्रीन तुमच्या सॉफ्टवेअरशी ताडून बघा, नाही जुळली तर तिथेच सोडा.

सोबत पाचशे प्रीसेट, म्हणजे एका क्लिकला फोटोचा रंग बदलणाऱ्या तयार सेटिंग्ज, दिलेले. त्यातला एक मी मे महिन्यातल्या एका लग्नाच्या फोटोंवर लावला, संपूर्ण अल्बमवर, कारण सर म्हणाले होते ‘वन क्लिक’. नवरीच्या हातातला हिरवा चुडा शेवाळलेल्या मातीच्या रंगाचा झाला. मागची माडाची बाग करडी. तो प्रीसेट उघडून बघितला तर हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) पार तळाला ओढलेलं आणि ह्यू (रंगाची छटा) पिवळ्याकडे ढकललेला, परदेशातल्या जंगलातल्या फोटोंसाठी केलेलं काहीतरी. नवरीची आई स्टुडिओत येऊन म्हणाली, “गो, चुडो खय गेलो?” सगळे फोटो परत केले, रात्री जागून. पिवळ्या मांडवाच्या कापडाखाली चेहऱ्यावर जी पिवळी झाक येते ती व्हाइट बॅलन्सने कशी काढायची, हे आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरला रोज लागतं, ते त्या कोर्समध्ये एका वाक्यानेही नाही.

मग तुम्ही म्हणाल, वरचे ११,८०० कशाला भरले? कारण मी तक्रार केली तेव्हा फोन आला. अतिशय गोड मराठी, “ताई, बेसिक कोर्स तुमच्यासारख्या प्रोफेशनलसाठी नाहीच, तुम्हाला मेंटॉरशिप पाहिजे,” दर आठवड्याला तुमचे रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, कच्चे) फोटो तपासू, मुंबईच्या वेडिंग कंपन्यांच्या ऑर्डर देऊ. १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. खरं सांगते, त्या जीएसटीनेच माझा विश्वास बसला, कर लावून पावती देतोय म्हणजे रीतसर धंदा असणार, असंच कोणालाही वाटेल. पावतीवर जीएसटी नंबरही होता, पंधरा अक्षरी. पत्ता पुण्याचा आणि नंबर ०७ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि दिल्लीचे ०७. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की कोणाचा आहे ते फुकट दिसतं, मी टाकला तेव्हा तो रेडिमेड कपड्यांच्या एका दुकानाचा निघाला. पैसे भरायच्या आधी टाका, मिनिटाचं काम आहे.

मेंटॉरशिपचा एकही कॉल झाला नाही. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. मी रिफंडबद्दल विचारलं त्याच संध्याकाळी मला काढलं.

१,४९९ चं कळलं ऑक्टोबरच्या शेवटी, अल्बमच्या प्रिंटिंगचे पैसे पाठवताना बॅलन्स कमी आला म्हणून. स्टेटमेंटमध्ये कोर्सचं नाव कुठेच नाही, भलत्याच कंपनीचं नाव. कापण्याआधी मेसेज आले होते म्हणे, आले असतील, स्टुडिओच्या खात्यावर पासपोर्ट फोटोचे चाळीस-पन्नास रुपये दिवसभर येत असतात, त्या मेसेजच्या ढिगात त्या अनोळखी नावावर कोणाचं लक्ष जाणार? मी अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट रद्द केलं आणि दुसऱ्या दिवशी ‘आजीवन’वाला लॉगिनसुद्धा बंद! ६,९९९ वेगळे भरलेले असताना! तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाची जागा असते, आत्ता उघडा, न ओळखीचं जे दिसेल ते रद्द करा, आणि आधी स्क्रीनशॉट काढा, रद्द केल्यावर तपशील शोधत बसायला नको.

आणि आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. बँकेत गेले. साहेबांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, “पिन तुम्हीच टाकला ना?” हो म्हटलं. “मग फ्रॉड कसा?” विषय संपला. लेखी तक्रार घ्या म्हटलं तर पोच देईनात, कस्टमर केअरला फोन करा म्हणाले, कस्टमर केअर म्हणतं शाखेत जा. पोलीस ठाण्यात गेले तर “ताई, हा सिव्हिल मॅटर, कोर्स तर दिला ना त्यांनी तुम्हाला, ग्राहक मंचात जा.” त्यांना धूसर लोगो दाखवला, जीएसटी नंबर दाखवला, तर म्हणाले बँकेचं सही-शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. तुळशीचं लग्न झालेलं, आमचा सीझन तोंडावर, आणि मी एसटीने जिल्ह्याच्या गावी खेपा घालतेय, तिथे सायबरवाले म्हणतात, “आमच्याकडे लाखांच्या केस पडून आहेत, तुमचे पंचवीस हजार.” माझे पंचवीस हजार! एका लग्नाची दोन दिवसांची कमाई आहे ती, हळदीपासून पाठवणीपर्यंत उभं राहून केलेली. आणि हे असे पंचवीस-पंचवीस हजार किती जणांचे घेतलेत ते मोजायची कोणाची तयारी नाही, कारण प्रत्येकाला वेगळं काउंटर आणि प्रत्येक काउंटरवर तेच उत्तर, तुम्हीच परवानगी दिली. नवरा म्हणाला, “जांवदे, मरांदे ता.” मी नाही सोडणार.

कारण अशी लपवून घेतलेली परवानगी ही परवानगीच नाही, आणि हे माझं म्हणणं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सवर, म्हणजे ग्राहकाला फसवून होकार घेणाऱ्या स्क्रीनच्या युक्त्यांवर, नियमावली काढली, तिच्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप (दर महिन्याच्या वर्गणीत अडकवणं) आहे, खोटी घाई दाखवणं आहे. हे मला बँकेने सांगितलं नाही, पोलिसांनी सांगितलं नाही, मी स्वतः शोधलं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हेही कोणी सांगत नाही. पैसे गेल्या गेल्या कळलं तर मात्र आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, समोरच्या खात्यात पैसे असतील तोवर अडवता येतात, उशीर झाला की संपलं. शाखेत तक्रार दिली की पोच घेतल्याशिवाय उठू नका.

शिकायचंच असेल तर अडोबीच्या स्वतःच्या साइटवर लाइटरूम-फोटोशॉपचे धडे फुकट आहेत. सॉफ्टवेअरचे पैसे नसतील तर डार्कटेबल, रॉथेरपी, जिम्प पूर्ण मोफत, रॉ फाइल डार्कटेबलमध्ये छान उघडते. कोर्सला पैसे द्यायचेच तर महिन्याचे द्या, कमी बॅलन्सच्या वेगळ्या खात्यातून द्या, आणि प्लॅन घेताना ‘दर महिना’ आणि ‘वार्षिक, पैसे दर महिन्याला’ यातला फरक बघा, दुसऱ्यात मध्येच सोडलं तर दंड लागू शकतो. “वन क्लिक” म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

कुडाळच्या एका फोटोग्राफर दादाला हे सांगितलं तर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, माझेही ६,९९९ गेले, घरी सांगितलं नाही. मला त्याचाही राग आला. त्याने जूनमध्ये एक शब्द बोलला असता तर मी वाचले असते. लाज आपल्याला वाटावी आणि त्यांनी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाहिरात लावावी, हे कसलं?

मी ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, ई-जागृती या सरकारी वेबसाइटवरून. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, पुण्या-दिल्लीला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अडलंय ते समोरच्याच्या खऱ्या पत्त्यावर, पावतीवरच्या पत्त्याची नोटीस परत आली. एकसारखी तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येतं. तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, कुठलेही असा, जूनपासूनचं स्टेटमेंट काढा आणि १,४९९ शोधा. सापडले तर मला कळवा, तुमच्या पावतीवरचा पत्ता आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव मला हवंय, माझ्या पावतीवर वेगळं असण्याची शक्यता आहे.